माळ्याला आधी फोन कर

*मावशी, सा. न.*

*बोरिवलीत आमचा सातव्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर फ्लॅट आहे, त्यामुळे लागून गच्ची मिळाली आहे. पाच वर्षांपूर्वी माहेरून, चौलहून, पांढऱ्या चाफ्याची फांदी आणली आणि निळं पिंप अर्धं कापून त्यात लावली. दुसऱ्या वर्षी दोन गुच्छ आले, वास जिन्यापर्यंत जायचा. त्यानंतर तीन वर्षं एक फूल नाही. झाड मात्र तब्येतीने छान आहे. पानं टोकदार आणि माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत भरतील एवढी लांब. पाणी रोज घालते. हिवाळ्यात पानं गळायला लागली की जीव घाबरतो, मग दोनदा घालते. माळीदादा महिन्यातून एकदा येतात, युरिया टाकतात आणि दरवर्षी मे अखेरीला सगळी टोकं एका रेषेत छाटून देतात. नाहीतर पावसाच्या वाऱ्यात पिंप आडवं होईल, म्हणतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या दक्षिणेला २२ मजल्यांचा टॉवर उभा राहिला. फुलं त्याच्या सावलीमुळे येत नसतील का? फुलं येण्यासाठी औषध मिळतं म्हणे, कुठलं आणू? सासूबाईंचं म्हणणं, चाफा कबरस्तानातलं झाड, घरात नकोच, काढून टाक. आणि पुण्याची बहीण फांदी मागते आहे. या महिन्यात पाठवली तर चालेल का?*

*एक वाचक, बोरिवली (पश्चिम)*

अगं, मावशी म्हणालीस म्हणून सरळ एकेरीवर येते. औषध, टॉवर, सासूबाई सगळ्यांकडे वळू, पण तुझं पत्र वाचताना मेचा दुसरा आठवडा उलटून गेला आहे. म्हणजे तुझे माळीदादा आता कधीही कात्री घेऊन येतील. त्यांना आधी फोन कर आणि सांग, यंदा चाफ्याला हात लावायचा नाही. एकाही टोकाला नाही.

चाफ्याचा गुच्छ येतो तो फांदीच्या शेंड्यालाच. मोगरा छाटला की नवे फुटवे येतात आणि त्याच फुटव्यांवर थोड्याच दिवसांत कळ्या दिसतात. जास्वंदीचंही तसंच. माळ्यांच्या हाताला हे वळण पडलेलं असतं, त्यांचा दोष नाही. पण मोगऱ्याचा कायदा ते चाफ्याला लावतात, तिथे सगळं फसतं. चाफ्याची फांदी जाड, मांसल, आपल्या चालीने वाढणारी. ती आधी लांबणार, मग जून होणार, भरपूर ऊन खाणार आणि मग कुठे शेंड्यातून गुच्छाचा दांडा काढणार. कापलेल्या जागी दोन-तीन फुटवे येतात हे खरं, पण त्यांना फुलायला बहुतेक वेळा पुढचा हंगाम उजाडावा लागतो, काहींना त्याहून उशीर होतो. गेल्या जूनमध्ये फुटलेली फांदी वर्षभरात कशीबशी गुच्छाच्या वयाला येते, आणि नेमकी तेव्हाच दादांची फेरी असते. तुझं झाड तीन वर्षं पहिलीतच बसलं आहे.

खोटं वाटत असेल तर संध्याकाळी ऊन उतरल्यावर गच्चीवर जा आणि फांद्या खालून वर वाचत जा. एका फांदीच्या जिथे दोन किंवा तीन होतात त्या बेचक्यात नीट बघ. मधोमध वाळक्या देठाचं खडबडीत बोंडुक राहिलं असेल किंवा त्याची लहानशी खूण असेल, तर तिथे कधीतरी गुच्छ येऊन गेला. गुच्छ आला की फांदीची त्या दिशेची वाढ संपते, मग ती खालून बगलेतून दोन-तीन फुटवे काढते. चाफ्याचं झाड छत्रीसारखं पसरतं ते असं. पण बेचक्यात रुपयाच्या नाण्यासारखा गोल, सपाट, बरा झालेला व्रण दिसला, तर ती कात्रीची सही. तुझ्या झाडावर देठाच्या दोनच खुणा सापडतील आणि बाकी सगळी नाणी, असा माझा अंदाज आहे. एखाद्या देवळाच्या आवारातला जुना, कुणी न छाटलेला चाफा मिळाला तर त्याच्या बेचक्या मोज. त्यात त्या झाडाचे हंगामच्या हंगाम लिहिलेले असतात.

तिथेच उभी आहेस तर शेंडेही बघून घे. वरची पानं दोन बोटांनी अलगद बाजूला कर. पानाचा कोंब टोकदार आणि मिटलेल्या चोचीसारखा असतो. गुच्छाचा कोंब बोथट, जरा फुगलेला, आणि त्यात बारीक बारीक उंचवटे एकमेकांना चिकटून बसलेले, तान्ह्या बाळाने मूठ मिटावी तसे. अशी मूठ एखाद्या शेंड्यात दिसली तर तो शेंडा दादांच्या नजरेलाही पडू देऊ नकोस. एक गुच्छ रोज थोडी थोडी फुलं उघडत कित्येक आठवडे चालतो. जूनमध्ये सुरू झालेला गुच्छ मी गणपतीपर्यंत फुललेला पाहिला आहे.

आता वाऱ्याचं. दादांची काळजी रास्त आहे. सातव्या मजल्यावर जूनचा नैर्ऋत्येचा वारा म्हणजे थट्टा नाही. पण त्यावर कात्री हा उपाय नव्हे. पिंप कठड्याला टेकव, बुंध्याला जुन्या साडीची रुंद पट्टी इंग्रजी आठासारखी गुंडाळून ती ग्रिलला बांध. सुतळी किंवा तार नको, साल कापते. पिंपात बुंध्यापासून लांब, काठाकाठाने चार विटा ठेव, तळ जड होईल. फांद्या फारच एका बाजूला झुकल्या असतील तर पिंप अर्धं वळव म्हणजे जड बाजू भिंतीकडे येईल.

छाटायचंच झालं तर फेब्रुवारीच्या शेवटी, झाड बोडकं असताना, नवे कोंब डोळे उघडायच्या आत. तेव्हाही सगळ्या फांद्या नाही. फार तर तिसरा हिस्सा, तोही आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या किंवा भलत्याच लांब गेलेल्या फांद्यांचा. म्हणजे बाकीच्या दोन हिश्श्यांवर त्या वर्षी फुलं येतील आणि कापलेल्या तिसऱ्या हिश्श्यातून पुढच्या वर्षासाठी दुप्पट शेंडे तयार होतील. जितके शेंडे तितके गुच्छ, हिशेब एवढाच आहे. तो तीन वर्षांत पुरा करायचा, एका दुपारी नाही. काप तिरका घे, म्हणजे त्यावर पाणी साचणार नाही. हातमोजे घाल. पांढरा चीक कातडीला खाजवतो आणि डोळ्यात गेला तर डॉक्टरच गाठावा लागतो. लहान मुलं आणि मांजर त्या वेळी घरात.

टॉवरबद्दल तुला बरं वाटेल असं सांगते. तो दक्षिणेला आहे ना? मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे चांगलाच कललेला असतो, तेव्हा टॉवरची सावली लांबच लांब पडते आणि तुझी गच्ची गिळते. पण पुढे सूर्य वर वर सरकत जातो. मेच्या मध्यावर आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस असतो, भर दुपारी कठड्याचीही सावली सापडत नाही. तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. म्हणजे दक्षिणेचा टॉवर तुझं ऊन पळवतो ते मुख्यतः थंडीत, आणि थंडीत चाफा झोपलेलाच असतो. पावसाळ्यात तर ढगांपुढे टॉवर काय करणार? चाफ्याची खरी कमाई मार्च ते मेच्या उन्हातली. हाच टॉवर पश्चिमेला असता तर मी वेगळं बोलले असते.

तरी अंदाजावर राहू नकोस. येत्या रविवारी सकाळी आठपासून दर तासाला गच्चीत डोकावून पिंपावर थेट ऊन आहे की नाही ते कागदावर मांड. सहा तास भरले तर निश्चिंत राहा. चारच्या खाली असेल तर पिंप हलव, कारण तिथे कुठलंही खत कामाला येणार नाही. फ्लॅटमधल्या ग्रिलमध्ये चाफा लावून फुलांची वाट बघणाऱ्यांची पत्रं मला दर महिन्याला येतात, त्यांना मी हेच लिहिते, आणि त्यांना ते आवडत नाही.

पाण्याच्या बाबतीत मात्र तुझे कान धरायला हवेत. टोकदार पानांचा, हिवाळ्यात पानं गाळणारा म्हणजे तुझा चाफा प्लुमेरिया रुब्रा जातीचा. मुंबईत तो डिसेंबर-जानेवारीच्या आसपास पानं टाकून उघडाबोडका उभा राहतो. ते आजारपण नाही, झोप आहे. झोपलेल्याला दोनदा जेवू घालतेस तू! पानंच नाहीत तर झाड पाणी उपसणार कुठून? ते मातीत नुसतं साचतं आणि मुळं कुजतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. दादरला चाळीत राहत होते तेव्हा कठड्याशी माझा लाल चाफा होता. एका जानेवारीत तो बोडका झाला आणि मी रोज तांब्या तांब्या पाणी घातलं, वर शेजारणीलाही सांगितलं की मी गावाला गेले की तू घाल. परत आले तर बुंधा खालून काळपट. अंगठ्याने दाबला तर पिकलेल्या केळ्यासारखा आत गेला, आणि बोटाला आंबूस वास. वरच्या फांद्या तेवढ्या कडक होत्या. वरून एकेक चकती कापत खाली आले, जिथपर्यंत आतला भाग स्वच्छ पांढरा होता तेवढंच ठेवलं. असे तीन तुकडे मिळाले, त्यातला एक जगला. तेव्हापासून हिवाळ्यात माझा नियम एकच: चाफा बोडका झाला की पाणी बंद. बुंध्याला सुरकुत्या पडू लागल्या तर पंधरा-वीस दिवसांनी एखादा तांब्या, बस. होळीच्या सुमारास शेंड्यांना हिरवे कोंब दिसले की हळूहळू पुन्हा सुरू. आत्ता मेच्या उन्हात गच्चीवरच्या पिंपाला एक दिवसाआड पोटभर पाणी दे, बोट पेरभर खुपसून कोरडं लागलं तरच. आणि जूनमध्ये पाऊस धरला की झारी उचलून कपाटात ठेव.

युरिया बंद. त्यात ४६ टक्के नत्र असतं, आणि नत्र म्हणजे पाला. तुझी हातभर पानं ती त्याचीच. झाड खातंय, पितंय, अंगाने भरतंय आणि फुलायचं विसरलंय. होळीच्या सुमारास कोंब दिसले की वरची दोन इंच माती उकरून काढ आणि त्या जागी दोन ओंजळी जुनं शेणखत किंवा गांडूळखत, एक मूठ बोनमील घाल. घरात हाडांचं खत चालत नसेल तर दोन चमचे सिंगल सुपर फॉस्फेट. चुलीची किंवा होळीची राख मिळाली तर चमचाभर, जास्त नको. तेच एकदा जूनच्या तोंडाशी. ऑगस्टनंतर काही घालू नकोस, झाडाला झोपेची तयारी करू दे.

राहिलं ते ‘औषध’. कुंड्यांच्या दुकानात चकचकीत बाटल्या मिळतात, त्यांच्या मागे लागू नकोस. द्राक्षवाले शेतकरी वापरतात ते ०:५२:३४, म्हणजे दुकानात ‘झीरो बावन्न चौतीस’ म्हणून मिळणारं पाण्यात विरघळणारं खत, त्यात नत्र नाही, स्फुरद आणि पालाश आहे. मार्च-एप्रिलमध्ये लिटरभर पाण्यात ग्रॅमभर, महिन्यातून दोनदा मुळाशी. मी स्वतः ते एखाद्याच वर्षी वापरते. कात्री थांबली आणि ऊन मिळालं तर बहुतेक गरज लागत नाही, आणि ती दोन्ही नसतील तर त्या पुडीचा उपयोग नाही.

पिंपातल्या मातीबद्दल तू काही लिहिलं नाहीस, पण पाच वर्षांत ती दगड झाली असणार. आपल्याकडच्या नर्सरीतली लाल माती पावसात चिकट होते आणि उन्हात विटेसारखी भाजते. तळाची भोकं बुजली आहेत का बघ. पाणी ओतल्यावर अर्ध्या मिनिटात खालून वाहायला हवं. नाहीतर पाऊस लागायच्या आत लोखंडी सळई तापवून अंगठा जाईल एवढी चार-पाच भोकं बाजूने, तळाच्या जरा वर, पाड. पिंप तीन विटांवर उचलून ठेव. माती पूर्ण बदलणं आता नको, ते येत्या फेब्रुवारीचं काम: दोन भाग माती, दोन भाग जाड रेती किंवा विटांचा चुरा, एक भाग खत. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, टाळच. जुलैच्या मुंबईत ते ओल्या फडक्यासारखं पाणी धरून बसतं.

पावसात पानांच्या मागे नारिंगी पूड दिसली तर तो तांबेरा. बोट लावलं तर हळदीसारखी बोटाला येते. मुंबईच्या दमट हवेत तो बहुतेक चाफ्यांना गाठतो आणि त्याने झाड मरत नाही. पानं खुडून पिशवीत बांधून टाक, खतासाठीच्या ओल्या कचऱ्यात मुळीच नको. फार वाढला तर उघडीप बघून पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, पानांच्या खालून. शेंड्यात कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धू, मग कडुनिंबाचं तेल.

आता सासूबाई. त्यांचं पूर्ण चूक नाही. मुंबईत कबरस्तानांत चाफा खूप दिसतो, त्यामुळे त्यांच्या पिढीत अनेकांच्या मनात ते बसलं आहे. पण तोच चाफा देवळांतही आहे, आणि आपल्याकडे त्याला देवचाफाच म्हणतात, कुणी खुरचाफा म्हणतं. मूळचा तो आपला नाहीच, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचा. शार्ल प्ल्युमिए नावाच्या सतराव्या शतकातल्या फ्रेंच वनस्पतितज्ज्ञावरून त्याला प्लुमेरिया नाव मिळालं. श्रीलंकेत तो बुद्धाला वाहतात, आणि लाओस देशाचं तर ते राष्ट्रीय फूल आहे. इतकं सगळं त्यांना सांगत बसू नकोस. पहिला गुच्छ फुलला की चार फुलं पाणी घातलेल्या पितळी घंगाळात तरंगत ठेव आणि रात्री ते त्यांच्या खोलीत नेऊन ठेव. चाफ्याचा वास रात्री चढतो. त्यात मध नसतो, तरी नुसत्या वासाला भुलून पतंग येतात. सासूबाईंचं काय होईल ते मला पुढच्या पत्रात कळव.

एक सावधगिरी. वैतागून नवं रोप आणायला नर्सरीत गेलीस तर नुसता ‘चाफा’ मागू नकोस. सोनचाफा, कवठी चाफा, हिरवा चाफा ही सगळी वेगळ्या घराण्यातली झाडं आहेत. हल्ली नागाच्या फणीसारख्या पानाचं एक रोप ‘नागचंपा’ म्हणून खपवतात, ते प्लुमेरिया पुडिका. खरा नागचाफा हा मोठा वृक्ष, त्याचा याच्याशी संबंध नाही. पुडिका जवळजवळ बारा महिने पांढरीशुभ्र फुलते, छाटणीही सोसते, सोसायट्यांच्या कुंपणाला म्हणूनच लावतात. पण वास जवळपास नाही. चौलच्या चाफ्याची सवय झालेल्या नाकाला ती पुरणार नाही.

बहिणीला या महिन्यात फांदी पाठवू नकोस. कापलेली फांदी सावलीत दहा-पंधरा दिवस वाळवावी लागते, चीक पूर्ण बसून कापाला खपली धरेपर्यंत. तोवर पाऊस येईल, आणि ओल्या मातीत बिनमुळाची फांदी कुजते. फेब्रुवारीत तू तिसरा हिस्सा छाटशील तेव्हा राखाडी सालीची, फूटभर ते दीड फूट लांबीची, जून फांदी निवड. हिरवी कोवळी नको. पानं राहिली असतील तर काढून टाक, वर्तमानपत्रात सैल गुंडाळ आणि बसने येणाऱ्या कुणाच्या हातात दे. वाटेत दोन दिवस गेले तरी बिघडत नाही, उलट वाळवण्यातच धरले जातात. तिला सांग, रेताड मातीत चार बोटं खोल लाव, काठीला बांध, आणि पानं फुटेपर्यंत पाणी जवळजवळ नाहीच. ती तुझीच बहीण आहे, तेव्हा हे शेवटचं वाक्य तिला दोनदा सांग.